सांगलीत सत्तरच्या दशकातली अमेरिकन नंबर वन गाणी: रेकॉर्डच्या दुकानाचं परीक्षण

सांगलीच्या जुन्या पेठेत, पुराचं पाणी हमखास शिरतं त्या भागात, जुन्या रेकॉर्ड विकणारं आणि त्या डिजिटल करून देणारं एक लहानसं दुकान आहे. मुख्य माल नाट्यगीतं, भावगीतं आणि हिंदी सिनेमाचा. पण माळ्याच्या जिन्याखाली तीन खोकी आहेत. त्यांवर मार्करनं 'इंग्लिश' असं लिहिलंय आणि आत १९७० ते १९७९ मधली अमेरिकन हिट गाणी सात इंची सिंगलवर (दर बाजूला एकच गाणं असलेल्या लहान रेकॉर्डवर) खच्चून भरली आहेत. हे परीक्षण त्या तीन खोक्यांचं आणि डिजिटलच्या कामाचं. माल चांगला आहे, व्यवहार सरळ आहे. डिजिटलचं काम मात्र समोर उभं राहून, सांगून करून घ्यावं लागतं.

आधी खोक्यांबद्दल. 'अमेरिकन नंबर वन' म्हणून दुकानदार काका जे काढून देतात त्यात बरीच सरमिसळ असते. बोनी एम आपल्याकडे घराघरांत वाजलं, पण 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' अमेरिकेत तिसाव्या क्रमांकाच्या वर गेलं नाही. अ‍ॅबाचं अमेरिकेतलं पहिल्या क्रमांकाचं गाणं एकच, 'डान्सिंग क्वीन', १९७७ मध्ये, तेही एकच आठवडा. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाची 'हॉट १००' ही यादी तेव्हा सिंगलची विक्री आणि रेडिओवरचं वादन एकत्र धरून बनायची. जे गाणं सिंगल म्हणून निघालंच नाही ते कितीही गाजलं तरी त्या यादीत येऊ शकत नसे. त्यामुळे खरी नंबर वन गाणी जमवायची असतील तर एलपीपेक्षा, म्हणजे बऱ्याच गाण्यांच्या मोठ्या रेकॉर्डपेक्षा, ही सात इंची खोकीच उपसावीत. दुसरं कारण असं की कित्येक गाण्यांचं सिंगल आणि एलपी यांत फरक आहे. 'माय शरोना' (१९७९, सहा आठवडे पहिलं) सिंगलवर जवळजवळ मिनिटभरानं कमी आहे, गिटारचा लांब तुकडा छाटलाय. रोबर्टा फ्लॅकचं 'द फर्स्ट टाइम एव्हर आय सॉ युअर फेस' (१९७२, तेही सहा आठवडे) असंच कापलेलं. उलट 'हॉटेल कॅलिफोर्निया' (१९७७) साडेसहा मिनिटांचं, न कापता सिंगलवर आलं. डॉन मॅक्लिनचं 'अमेरिकन पाय' (१९७२) साडेआठ मिनिटांच्या वर असल्यामुळे दोन बाजूंत विभागलंय. दुकानात त्याची डिजिटल प्रत करायला दिली तर 'दोन्ही बाजू' असं चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर अर्धंच गाणं हातात पडतं.

दोन्ही बाजूंना एकच गाणं असलेली रेकॉर्ड दिसली तर ती बिघडलेली समजून बाजूला टाकू नका. रेडिओ स्टेशनांना पाठवलेल्या प्रतींवर एका बाजूला मोनो आणि दुसऱ्या बाजूला स्टीरिओ असं तेच गाणं असायचं. या खोक्यांत अशा दोन-चार निघतात, आणि त्या सहसा कमी झिजलेल्या असतात.

किमतीचं गणित मात्र उलटं लावलंय आणि ते बदलायला हवं. साधं सिंगल २०० रुपये, पण जितके जास्त आठवडे पहिल्या क्रमांकावर, तितकी किंमत चढी. डेबी बूनचं 'यू लाइट अप माय लाइफ' (१९७७) दहा आठवडे वर होतं, त्या दशकात सगळ्यात जास्त, म्हणून त्याला ४५०. अहो, जे गाणं इतकं चाललं त्याच्या प्रतीही अमाप निघाल्या. ते दुर्मीळ कसं होईल? हिट सिंगल म्हणजे सर्वांत जास्त वाजवलेलं सिंगल, म्हणजे सर्वांत जास्त झिजलेलंही. किंमत ठरवायची ती खाचेच्या अवस्थेवरून. हे नीट समजावून सांगितलं तर काका शंभर-दीडशे कमी करतात, खळखळ करत नाहीत.

अवस्था कशी बघायची? रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरा. वरवरचे केसासारखे ओरखडे फारसे ऐकू येत नाहीत. नख अडकेल असा चरा असेल तर तिथे प्रत्येक फेरीला 'टक्' होणार. खाच काळीभोर न दिसता राखाडी, पांढुरकी दिसत असेल तर जड सुईनं ती खरवडली गेलीय, आणि ती कितीही धुतली तरी सुधारत नाही. काही अमेरिकन कारखाने सिंगल व्हिनाइलऐवजी पॉलिस्टायरीनचे काढायचे. ते कडक असतात, लेबल वरून चिकटवलेलं असतं, आणि झिजतात फार लवकर. 'स', 'श' ही अक्षरं फाटल्यासारखी आली की समजावं. आरसीए या अमेरिकन कंपनीच्या 'डायनाफ्लेक्स' एलपी मात्र पातळ आणि लवचीक असतात म्हणून नकली समजू नयेत, त्या तशाच काढल्या जात.

दुकानात वाजवून बघू देतात ही फार मोठी सोय. पण बहुतेक गिऱ्हाइकं पहिली वीस सेकंद ऐकून पैसे देतात. शेवटचं मिनिट ऐका. सुई लेबलकडे सरकते तशी एका फेरीत कापायची लांबी कमी होत जाते, तेवढ्याच वेळाचा आवाज कमी जागेत कोंबला जातो, आणि फाटण्याची शक्यता वाढते. 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' (१९७०, सहा आठवडे) नुसत्या पियानोवर सुरू होतं आणि शेवटी ड्रम, तंतुवाद्यं, सगळं उसळून वर येतं, म्हणजे सर्वांत मोठा आवाज नेमका सर्वांत आतल्या खाचेत. 'हॉटेल कॅलिफोर्निया'तली दोन गिटारांची जुगलबंदीही तिथेच. ही दोन गाणी शेवटापर्यंत स्वच्छ निघाली तर मागतील ती किंमत द्या.

आता भोक. अमेरिकन सिंगलचं मधलं भोक दीड इंचाचं, आपल्याकडे निघालेल्या सिंगलचं साधं बारीक. मोठ्या भोकासाठी प्लॅस्टिकची चकती लागते. दुकानात ती ३० रुपयांना मिळते, पण सैल आहे. चकती सैल असली की रेकॉर्ड मध्यावरून सरकते आणि सूर प्रत्येक फेरीला वर-खाली झुलतो. बिल विदर्सच्या 'लीन ऑन मी' (१९७२) मधला सुरुवातीचा पियानो लावून बघा, लांब धरलेल्या सुरात हा झोका लगेच कळतो. चकतीच्या कडेला कागदी टेपचा एक वेढा दिला की घट्ट बसते.

सगळ्यात मोठी चूक वेगाची. दुकानात एक परदेशातून आलेला जुना चेंजरही (एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणारा प्लेअर) विकायला ठेवलाय, आणि गिऱ्हाइकाला गाणी त्याच्यावरच ऐकवतात. त्याची मोटर अमेरिकेच्या ६० हर्ट्झ विजेसाठी बनलेली आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावून २३० व्होल्टचे ११० करता येतात, हर्ट्झ काही बदलत नाहीत. त्यामुळे मिनिटाला ४५ फेऱ्यांऐवजी साडेसदतीसच होतात. तीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटं छत्तीस सेकंद चालतं आणि पट्टी तीन अर्धस्वरांनी उतरते, म्हणजे पेटीच्या पांढरी चारचं गाणं पांढरी दोनवर. 'कारपेंटर्स'ची गायिका कॅरन कारपेंटर हिचा आवाज मुळातच खालचा, तो अशा यंत्रावर पुरुषी वाटायला लागतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे लावणाऱ्या कुणालाही हे दोन ओळींत कळेल, पण ज्यानं मूळ गाणं कधी ऐकलंच नाही त्याला ते संथ, भारदस्त वाटून आवडूनही जातं! तपासायला सोपा उपाय आहे. लेबलावर कागदाचा तुकडा चिकटवा आणि वीस सेकंदांत फेऱ्या मोजा. पंधरा भरल्या पाहिजेत. साडेबारा भरल्या तर तेच दुखणं. किंवा 'स्टेइन अलाइव्ह' (१९७८, चार आठवडे) लावा. त्याचे मिनिटाला साधारण १०३ ठोके पडतात, या चेंजरवर ८६ च्या आसपास पडतात. पेटीवर पट्टी जुळवून वेग ठरवायला जाऊ नका, कारण त्या काळात स्टुडिओतच टेपचा वेग थोडा कमी-जास्त केलेली गाणी आहेत. या चेंजरला ५० हर्ट्झची पुली मिळाली तर तो चांगला चालेल. तोवर विकत घेऊ नये.

डिजिटलच्या कामाला वेगळं, बेल्टवर चालणारं टर्नटेबल वापरतात, त्याचा वेग बरोबर आहे. सुई शंकूच्या टोकाची, साडेतीन ग्रॅम वजनावर लावलेली. झिजलेल्या सिंगलना ती बरी. दर एका बाजूला १०० रुपये, पेन ड्राइव्ह आपला. इथवर तक्रार नाही. घोटाळा पुढे होतो. आवाज संगणकात घेताना पातळी इतकी चढवतात की मोठे ठोके वरून सपाट कापले जातात, आणि एकदा कापलेलं परत येत नाही. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलपर्यंतच जाईल अशी पातळी ठेवायला सांगा. मग खरखर काढायचं सॉफ्टवेअर पूर्ण ताकदीनं लावतात. ते सुरुवातीच्या रिकाम्या खाचेतली खरखर नमुना म्हणून घेतं आणि तशी दिसणारी प्रत्येक गोष्ट सगळ्या गाण्यातून पुसतं. रोबर्टा फ्लॅकच्या त्या संथ गाण्यात ओळीआधीचा श्वास, झांजेची विरत जाणारी शेपटी, तारेवरून सरकणारं बोट, सगळं खरखरीच्याच पट्ट्यात येतं. ते गेलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

'टक्टक्' काढणारं दुसरं सॉफ्टवेअर त्याहून घातक, कारण त्याला टाळी, हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजेची जोडी) आणि चरा यांतला फरक नीट कळत नाही. 'स्टेइन अलाइव्ह'चं ध्वनिमुद्रण चालू असताना ड्रमर घरच्या अडचणीमुळे परतला होता, म्हणून 'नाइट फीव्हर'च्या टेपमधला ड्रमचा तुकडा कापून त्याची गोल माळ केली आणि तीच गाणंभर फिरवली. म्हणजे प्रत्येक आवर्तन हुबेहूब सारखं. दुकानातून आलेल्या प्रतीत मात्र काही ठोके बोथट, काही धारदार. एकसारखेपणा हाच ज्या गाण्याचा प्राण, त्याचाच तोल गेला. याला जबाबदार रेकॉर्ड नाही, माउस आहे.

म्हणून रेकॉर्ड देताना असं सांगा: कुठलीही सफाई न करता कच्ची फाइल द्या, एमपीथ्री नको, वेव्ह द्या, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ. मिनिटाला साधारण ३५ एमबी जागा लागते, म्हणजे ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर सिंगलच्या साठेक बाजू बसतात. ऐकू येणारे मोठे चरे घरी एकेक करून हातानं काढता येतात. असं स्पष्ट सांगितलं तर काका कच्ची फाइल विनातक्रार देतात, वर आणखी पैसे घेत नाहीत.

घरी टर्नटेबल लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उठवलेले असतात, फोनो प्रीअ‍ॅम्प (टर्नटेबल आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामधलं छोटं यंत्र) ते उलटं करून सरळ करतो. टर्नटेबल थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या साध्या 'ऑक्स' जागेत लावलं तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो. टर्नटेबलमधला प्रीअ‍ॅम्प चालू ठेवून ते वर फोनोमध्येच लावलं तर घुमतो आणि फाटतो. दोन्ही वेळा लोक रेकॉर्ड परत करायला येतात, रेकॉर्डचा दोष नसताना.

तिसऱ्या खोक्यात पुरात भिजलेला माल आहे, प्रत्येकी ५० रुपये. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, त्या पाण्यातला हा माल. कव्हरं गेलीत, पण व्हिनाइलला पाण्यानं काही होत नाही. धोका गाळाचा. कृष्णेचा गाळ वाळला की त्यातली बारीक वाळू सॅंडपेपरसारखी काम करते, त्यामुळे कोरड्या फडक्यानं एकदाही पुसू नका. चिकटलेलं पाकीट ओढू नका, पाण्यात सुटू द्या. आधी नळाच्या बारीक धारेखाली गाळ वाहून जाऊ द्यायचा, लेबलावर हात झाकून. मग एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब आणि १५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं गोल. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन उभी वाळवायची, पंख्याखाली, उन्हात नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी चालतं, तेच डिस्टिल्ड. बोअरचं पाणी वापरलं तर क्षार खाचेत बसतात आणि नवीच खरखर सुरू होते. पॉलिस्टायरीनच्या सिंगलला अल्कोहोल टाळा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डला तर थेंबही नको, लाख विरघळते. दुकानात सगळ्यांना एकाच स्पिरिटच्या फडक्यानं पुसतात, ते डोळ्यांसमोर थांबवावं. या खोक्यातून जिम क्रोचीचं 'टाइम इन अ बॉटल' निघालं तर आधी उचला. धुतल्यावर गिटारचा एकेक स्वर वेगळा उभा राहतो.

सोमवारी बंद, दुपारी एक ते चार बंद. एप्रिल-मे महिन्यात घेतलेल्या रेकॉर्ड गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका, बंद गाडीच्या तापात तासाभरात वाकतात. आणि पावसाळ्यात जाणार असाल तर आधी फोन करा. आयर्विन पुलाची पातळी चाळीस फुटांकडे सरकली की तिन्ही खोकी माळ्यावर जातात, आणि पाणी पूर्ण उतरेपर्यंत खाली येत नाहीत.