दोर कापावेत की राखावेत?

आयुष्याची दिशा एकदा मनाशी पक्की झाली, मग ती संशोधनाची असो, गाण्याची असो किंवा स्वतःच्या व्यवसायाची, की पाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहतो: त्या कामात सर्वस्व ओतायचे, की बाकीचे आयुष्य सांभाळत पुढे जायचे? या वळणावर ज्यांचे पाऊल अडले आहे, त्यांच्यासाठी हे दोन्ही मार्ग शेजारी ठेवून पाहिले आहेत.

झोकून देण्याच्या मार्गाचे खरे बळ असे की मन घासाघीस थांबवते. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या दोन छायाचित्रांपैकी एकच जवळ ठेवायचे होते. काहींना निवड नंतर बदलण्याची मुभा होती, काहींना नव्हती; आणि ज्यांना ती नव्हती, त्यांनाच आपले छायाचित्र अधिक आवडले. तळ्यात-मळ्यात करणाऱ्याला निवडलेली गोष्ट पुरती आपली वाटतच नाही, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

मात्र झोकून देताना नेमके कोणते दोर कापले जातात, हे सहसा कोणी तपासत नाही. श्रीनिवास रामानुजन यांनी महाविद्यालयात गणिताखेरीज इतर विषयांकडे पाठ फिरवली, त्यात ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे १९१२ साली त्यांना मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी मिळाली. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पाठवलेल्या पत्राच्या पहिल्याच वाक्यात ‘मी या कचेरीच्या हिशेब खात्यातला कारकून’ अशीच स्वतःची ओळख करून दिली आहे. गणिताचा ध्यास त्या नोकरीने तसूभरही कमी झाला नव्हता, आणि महिन्याची मिळकत मात्र ठरलेली होती. इतर दिशांकडे परत नेणारे दोर कापणे आणि पोट, झोप व माणसे यांचे दोर कापणे या माझ्या मते अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारचे दोर मीही एकदा कापले होते. तीन वर्षे एकाही मित्राला स्वतःहून फोन केला नाही, आणि हातातले काम फसले त्या रात्री कोणाचा नंबर लावावा हेच सुचेना.

समतोलाच्या मार्गाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण चार्ल्स डार्विन यांचे वाटते. सकाळी आठ ते साडेनऊ आणि साडेदहा ते बारा हे त्यांच्या कामाचे मुख्य तास. दुपारी ते घराजवळच्या वाळूच्या पायवाटेवर फेऱ्या मारत. वळणावर गारगोट्यांचा ढीग असे आणि प्रत्येक फेरीला त्यातली एक गारगोटी पायाने बाजूला सारून ते मोजणी ठेवत. एवढ्या थोड्या तासांच्या दिनक्रमात त्यांनी खडकांना चिकटून राहणाऱ्या सागरी जीवांच्या एकाच गटावर १८४६ पासून आठ वर्षे काम केले. दिवस आखलेला होता, पण दिशेला फाटे फुटले नव्हते. अर्थात त्यांच्या घरी पैशाची ददात नव्हती, हे नजरेआड करून त्यांचे वेळापत्रक कोणावर लादू नये.

या मार्गाचा धोकाही लहान नाही. समतोलाच्या नावाखाली काम सवडीवर ढकलले जाते, आणि सवड मिळाली तरी शरीर तोवर थकलेले असते. म्हणून किती तास दिले यापेक्षा कोणते तास दिले, हे मी आधी विचारतो. डार्विन यांनी सकाळची ताजी वेळ कामाला दिली होती. ज्याची निवडलेली दिशा रोज रात्री उरल्यासुरल्या अर्ध्या तासावर जगते, त्याने तिला अजून निवडलेलेच नाही.

तेव्हा ज्यांच्यावर कोणी अवलंबून नाही आणि ज्यांची वर्षभराची सोय झाली आहे, त्यांनी नोकरी सोडून उडी घ्यायला हरकत नाही. झोप आणि दोन-चार जवळची माणसे तेवढी राखावीत. ज्यांच्या डोक्यावर घराची जबाबदारी आहे, त्यांनी नोकरी ठेवावी, पहाटेचा तास या कामासाठी बांधून घ्यावा आणि ‘हे नाही जमले तर ते’ म्हणून जपलेल्या बाकीच्या बेतांना मात्र आजच निरोप द्यावा.