सुताराची फळी, तयार कपाट की लोखंडी रॅक?

नणंदेला ऐरोलीतल्या घराचा ताबा मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. “वहिनी, सुतार लावू की तयार कपाट आणू? आणि आईची मांडणी नव्या स्वयंपाकघरात शोभेल का?” तिच्याकडे ४०० च्या आसपास पुस्तकं आहेत. रुखवतातली आणि आजीकडून आलेली पितळी भांडी आहेत, शिवाय माझ्या सासूबाईंची, म्हणजे तिच्या आईची, ताटल्या-भांडी लावायची जुनी स्टीलची मांडणी. घर दोन बेडरूमचं. फोनवर अर्ध्या तासात सांगून होईना, म्हणून सगळं लिहून काढलं. ठाणे-नवी मुंबईत नव्या घरात जाणाऱ्या बहुतेकांपुढे हाच प्रश्न असतो.

माझं मत आधीच सांगते. पुस्तकांना सुताराने केलेली प्लायची फळी, जड डबे-भांड्यांना लोखंड किंवा स्टील, आणि तयार कपाट भाड्याच्या घरात. भिंतीत ठोकलेली, आधार न दिसणारी तरंगती फळी फक्त हलक्या वस्तूंसाठी. पण हे मत सगळ्या घरांना सारखं लागू होत नाही, कारण खरा निर्णय भिंत करते.

नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या एएसी ब्लॉकच्या (आत हवेची बारीक छिद्रं असलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या) असतात, नाहीतर ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सलग काँक्रीटच्या, ज्याला सगळे मिवान म्हणतात. ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत आणि वाशी-नेरूळच्या सिडकोच्या जुन्या घरांत विटा सापडतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे ड्रिलचा भुसा. प्लास्टरचा पहिला इंचभर थर सोडून द्या आणि पुढे काय येतं ते बघा. लाल भुसा आला तर वीट. पांढुरका, पिठासारखा भुसा आला आणि ड्रिल सहज आत गेलं तर एएसी. करडा भुसा आला आणि ड्रिल जागच्या जागी ओरडत राहिलं तर काँक्रीट, तिथे हॅमर ड्रिलच हवं. स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती साधी छोटी गिट्टी एएसीमध्ये धरत नाही, आज ना उद्या स्क्रूसकट बाहेर येते. त्यासाठी लांब नायलॉनचे वेगळे अँकर मिळतात, तेच मागा. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली कधीच भोक पाडू नका. वायरचा पाइप तिथूनच उभा गेलेला असतो.

दुसरी गोष्ट ओल. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते आणि खाडीकाठच्या घरांत तर चादरीसुद्धा दमट लागतात. आम्ही कोपरखैरण्याला भाड्याने राहत होतो तेव्हा पुस्तकांचं तयार कपाट बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवलं होतं. कपाट खोल, म्हणून पुस्तकांच्या दोन रांगा. पुढची रांग रोज दिसायची, मागची कोण बघतंय? गणपतीच्या आधी आवराआवर करताना मागचं पहिलं पुस्तक ओढलं तर ते शेजारच्याला चिकटून दोन्ही एकदम आली. कापडी बांधणीवर राखाडी-पांढरी लव होती. अंगठा फिरवला तर पुठ्ठ्याचा लाल रंग बोटाला लागला. वडिलांच्या हस्ताक्षरातलं नाव असलेलं पान पुसटून गेलं होतं. ते पान मी अजून ठेवलंय. तेव्हापासून माझे दोन नियम आहेत: बाथरूमच्या भिंतीला कागद आणि कापड ठेवायचं नाही, आणि भिंत कुठलीही असो, मागे दोन बोटं वारा खेळायला जागा सोडायची.

आता एकेक पर्याय शेजारी-शेजारी ठेवून बघू.

वजन आधी. आपल्या नेहमीच्या आकाराची पुस्तकं फळीवर फूटभर लांब उभी लावली तर सुमारे ७ किलो भरतात. मी घरच्या वजनकाट्यावर तोलून पाहिलं. ४०० पुस्तकांना साधारण २४ फूट फळी लागते, म्हणजे १६०-१७० किलो वजन. फळी किती वाकेल हे तिच्या लांबीवर भलतंच अवलंबून असतं. पुस्तकांनी भरलेली २ फुटांची फळी ३ फुटांची केली तर बाक दीडपट होत नाही, सुमारे पाचपट होतो. जाडीचंही तसंच: १८ मिमीऐवजी १२ मिमीची फळी घेतली तर बाक तिपटीहून जास्त. म्हणून सुतार “ताई, बारामध्ये होऊन जाईल” म्हणाला तर पुस्तकांपुरतं तरी ऐकू नका. अठराच घ्या, दोन आधारांमधलं अंतर अडीच फुटांच्या आसपास ठेवा, आणि फळीच्या पुढच्या कडेला दीड इंचाची लाकडी पट्टी उभी लावून घ्या. त्या एका पट्टीने फळीला कणा मिळतो, शिवाय प्लायची कड झाकली जाते.

तयार कपाटाचा बोर्ड बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ असतो, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेला. त्याच जाडीच्या प्लायपेक्षा तो जास्त वाकतो आणि एकदा आलेला बाक जात नाही. म्हणून तयार कपाटावर लिहिलेली वजनाची मर्यादा वाचणं फार गरजेचं आहे. नवी मुंबईत तुर्भ्याला डिसेंबर २०२० मध्ये आयकिया हे फर्निचरचं दुकान सुरू झालं, तिथे हे आकडे नीट लिहिलेले असतात. त्यांचं ‘बिली’ हे १९७९ पासून चालत आलेलं पुस्तकांचं कपाट ८० सेंमी रुंद, २८ सेंमी खोल आणि २०२ सेंमी उंच असतं, आणि एका फळीची मर्यादा ३० किलो. एक रांग पुस्तकं लावली तर १७-१८ किलो होतात, म्हणजे निश्चिंत. पण २८ सेंमी खोलीत दोन रांगा सहज बसतात, आणि दुसरी रांग लावली की आकडा ३५ वर जातो. खोल कपाट घेताना मोह होतो तो इथेच. एकच रांग ठेवणार असाल तर कपाट उत्तम, पुढच्या उरलेल्या जागेत छोट्या वस्तूही छान दिसतात. फक्त भिंतीला अडकवायचं अँगल विसरू नका, लहान मूल घरात असेल तर आधी ते काम, मग पुस्तकं.

लोखंडी रॅकला वजनाची चिंता नाही, पण गेज विचारा. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो हे दुकानात पटकन लक्षात येत नाही. २२ गेजच्या पत्र्यावर तांदळाचे डबे ठेवले की मधोमध खळगा पडतो. १८ गेजचा घ्या.

ओलीच्या बाबतीत मात्र फरक खूप मोठा आहे. पार्टिकल बोर्डचा शत्रू पाऊस नाही, रोजची लादी पुसण्याची बादली आहे. कपाटाची खालची कड रोज थोडी थोडी भिजते, सनमायकाच्या आतून पाणी पिते आणि दोन पावसाळ्यांत चहात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगते. पुन्हा कधीच बसत नाही. घर बदलतानाही हाच बोर्ड दगा देतो: एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात परत तितका घट्ट बसत नाही. कोपरखैरण्याहून ठाण्याला येताना आमच्या कपाटाची दोन बिजागऱ्या लावायची जागा भुसा होऊन हातात आली. तयार कपाट घेणारच असाल तर खाली पाय असलेलं घ्या किंवा प्लॅस्टिकचे बुश लावून जमिनीपासून इंचभर वर उचला.

प्लाय घेताना शीटवरचा शिक्का स्वतः वाचा. आयएस हा भारतीय मानकाचा क्रमांक: आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारा, आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा. हॉलच्या कोरड्या भिंतीला ३०३ मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला दाद न देणारा प्रकार, चालतो. सिंकखाली आणि बाथरूमच्या आसपास ७१० शिवाय दुसरं काही नको, तिथे पैसे वाचवून पुढे दुप्पट जातात. शंका असेल तर कापताना उरलेला चार बोटांचा तुकडा मागून घ्या आणि पातेल्यात तीन-चार तास उकळा. ७१० चा चांगला प्लाय तर ७२ तासांच्या उकळीच्या चाचणीतून जातो. तुमच्या पातेल्यातच पापुद्रे सुटले तर तो माल परत पाठवा.

खर्चाचं गणित शीटवरून करा, म्हणजे फसगत होत नाही. प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची. फळीची खोली साडेनऊ इंच ठेवली तर ४ फुटांच्या रुंदीतून पाच पट्ट्या निघतात आणि जवळजवळ काही वाया जात नाही. तीच खोली १३ इंच सांगितली तर तीनच निघतात, उरलेली पट्टी बिलात येते पण घरात येत नाही. पुस्तकांना साडेनऊ इंच भरपूर झाले. लांबीचे तीन भाग केले की साडेएकतीस इंचांची फळी मिळते, म्हणजे वर सांगितलेल्या अंतरात बसते. नणंदेसाठी मी हेच मांडून दिलं: ७ फूट उंच, दोन खणांचं, मध्ये सामायिक उभी पाटी. दोन शीटमध्ये सगळं बसतं, पाठीचा ६ मिमी प्लाय वेगळा. १४ कप्पे होतात, त्यातले १० पुस्तकांना पुरतात.

सुतार बहुतेक वेळा पुढून दिसणाऱ्या चौरस फुटांवर भाव सांगतो. हे कपाट सुमारे ३८ चौरस फुटांचं. त्या भावात ड्रॉवर, काचेची दारं, आतला सनमायका धरलेला आहे का, हे आधी कागदावर लिहून घ्या. माल आपण आणून फक्त मजुरी द्यायची की सगळं त्याच्यावर सोपवायचं, यात मी पहिल्याच्या बाजूने आहे. प्लायचा शिक्का आपल्या डोळ्यांनी बघता येतो, एवढं एक कारण पुरे आहे. वेळ मात्र जातो. घरात आठ-दहा दिवस भुसा, फेविकॉलचा वास आणि रंध्याचा आवाज सहन करावा लागतो. तयार कपाट एका दुपारी उभं राहतं, अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांना तेच बरं, भिंतीला भोकं पडली की डिपॉझिटमधून कापलं जाण्याची भीती असतेच.

राहता राहिली सजावट. उघड्या फळ्या छायाचित्रात फार सुंदर दिसतात. पण घोडबंदर रोडच्या बाजूला राहणाऱ्याला विचारा, सकाळी पुसलेल्या फळीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. त्यामुळे माझा हिशेब असा: डोळ्यांच्या रेषेतले दोन-तीन कप्पे उघडे, बाकीच्यांना काचेची दारं. जुन्या घरातलं शोकेस आपण जुनाट म्हणून काढून टाकलं, पण धूळ आणि दमट हवा या दोन्हींसाठी ते शहाणपणाचं होतं. दारं अगदी हवाबंद करू नका, वरच्या बाजूला बारीक फट ठेवा. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे कापडाच्या पुरचुंडीत ठेवले की कसर लागत नाही.

पितळ खाडीच्या हवेत लवकर काळं पडतं. सगळी भांडी एकदम मांडली की दर महिन्याला चिंच किंवा आपली ठाण्याचीच पितांबरी घेऊन बसावं लागतं आणि दोन-तीन वेळांनंतर कंटाळा येतो. तीन-चारच बाहेर ठेवा, बाकीची सुती कापडात गुंडाळून माळ्यावर. दिवाळीत आणि चैत्रगौरीला अदलाबदल करा. चैत्रगौर मांडताना आपण पायऱ्या करतो, उंच मागे, ठेंगणं पुढे, मधोमध गौर आणि दोन्ही बाजूंना श्वास घ्यायला जागा. फळी लावतानाही तीच नजर वापरा. एका कप्प्यात घंगाळ असेल तर त्याच्याशेजारी दुसरं काही नको. पुस्तकांच्या रांगेत मध्येच एक समई उभी केली तर ती एकटीच पुरते. मागच्या पाटीला गेरूचा रंग देऊन त्यावर पांढऱ्या रेषांची वारली काढली तरी पितळ उठून दिसतं. ती कला मूळची आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातली, २०१४ पासून तो भाग पालघरमध्ये गेला.

सासूबाईंच्या मांडणीबद्दल मात्र मी जरा हट्टाने बोलले. नव्या मॉड्युलर स्वयंपाकघरात ती शोभत नाही म्हणून भंगारात द्यायची असं नणंदेच्या मनात होतं. ताटल्या उभ्या राहतात, पाणी निथळतं, वारा खेळतो, झुरळाला लपायला जागा नाही. बंद ट्रॉलीत ओल्या ताटल्या ठेवल्या की पावसाळ्यात जो वास येतो तो मांडणीत कधीच येत नाही. सिंकच्या वरची भिंत काँक्रीटची निघाली, तिथे चार अँकरांवर ती पक्की बसली आहे.

पुस्तकांच्या कपाटाचं काम सोमवारी सुरू होतंय, हॉलमधल्या पूर्वेच्या कोरड्या भिंतीला. ४ मोकळ्या कप्प्यांपैकी दोनांची मधली फळी काढता येईल अशी करायला सांगितली आहे, म्हणजे जवळजवळ २२ इंचांची उंची मिळते. तिथे एरवी घंगाळ राहील आणि भाद्रपदात गौरीचे मुखवटे.