लिंडाऊची बैठक आणि यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग
जर्मनीतील लिंडाऊ या बेटावरच्या गावी १९५१ पासून नोबेल विजेते तरुण शास्त्रज्ञांना भेटत आले आहेत. तिथून परतणाऱ्याला मोठी उमेद मिळते, यात शंका नाही. भारतात २००९ मध्ये सुरू झालेल्या यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंगचा, म्हणजे तरुण जीवशास्त्र संशोधकांच्या बैठकीचा, आवाका लहान, पण जीवशास्त्रात नुकतीच स्वतःची प्रयोगशाळा थाटणाऱ्यासाठी मला तीच अधिक मोलाची वाटते. पहिला पीएचडी विद्यार्थी कसा निवडावा, अनुदानाचा हप्ता रखडला तर रसायने कुठून आणावीत, हे प्रश्न नोबेल विजेत्यापुढे मांडायला जीभ रेटत नाही; तिथे संशोधनाच्या पोस्टरसमोर चहाचा कप घेऊन थांबलेल्या, याच अडचणींतून गेलेल्या ज्येष्ठ संशोधकाला मात्र ते निःसंकोच विचारता येतात आणि पुढे फोनही करता येतो.