येझदी २५०: चौदा महिने खोलून ठेवली, नऊ महिने चालवली

खोलून पुन्हा जोडलेली माझी जुनी येझदी मोटरसायकल मे महिन्यात रस्त्यावर आली, त्याला आता नऊ महिने झाले. मीटर दुरुस्त करून शून्यावर आणला होता, त्यावर आज ४,१०० किलोमीटर दिसतात. साताऱ्यातलं रोजचं येणं-जाणं, रविवारी कास नाहीतर मेढा, पसरणी घाट चार-पाच वेळा आणि एकदा आंबेनळी उतरून पोलादपूर. गाडी तयार झाली त्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर निम्मं लिखाण रंगावर आणि क्रोमवर गेलं असतं. बरं झालं थांबलो. जुनी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी गाडी, कशी झाली आहे, ते पहिला पावसाळा काढल्यावर कळतं.

गाडी १९८१ची. कोरेगाव तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींकडून ४० हजारांना घेतली. २००८ पासून गोठ्याच्या पडवीत उभी होती, अंगावर कडब्याच्या पेंढ्या. इंजिन जाम, दोन्ही सायलेन्सर खालून कुजलेले, सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. पण आरसी बुक मूळ होतं आणि इंजिन नंबर, चेसिस नंबर दोन्ही त्याच्याशी जुळत होते. ते जुळले नसते तर फुकट देत होते तरी आणली नसती. गंज काढता येतो, कागद नंतर तयार करता येत नाहीत.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्यावर म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला या गाड्या बनायला लागल्या. पुढे त्यांचं नाव येझदी झालं आणि १९९६ला कारखाना बंद पडला. एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअर एकाच दांड्यावर: दांडा आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाली की परत खाली आणायचा, मग तोच गिअर. शिवाय गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप उचलला जातो, डाव्या हाताने क्लच न धरताही गिअर पडतो. २०२२पासून याच नावाच्या नव्या गाड्या बाजारात आहेत, पण त्या फोर-स्ट्रोक. त्यांच्या इंजिनाचं काहीही जुनीच्या कामाचं नाही. म्हणजे सुट्या भागांसाठी दोनच वाटा: कुणाच्या तरी दुकानात पडून राहिलेला जुना माल, नाहीतर आज बनणारा डुप्लिकेट. माझ्या नऊ महिन्यांतल्या काही अडचणी या दुसऱ्या वाटेवरच्या आहेत.

पहिला धक्का ५८व्या किलोमीटरला बसला. सिलिंडरला बोअर मारून (आतून थोडा रुंद करून) नवा ओव्हरसाइज पिस्टन बसवून घेतला होता. ज्या वर्कशॉपमध्ये काम केलं तिथे विचारलं, पिस्टन आणि सिलिंडरमध्ये फट किती ठेवलीत? उत्तर मिळालं, ‘हाताला बरोबर लागतंय.’ मी गप्प बसलो, ती माझी चूक. पिस्टन अॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून थंड असताना तेवढी जागा सोडावीच लागते. सपाट रस्त्यावर पन्नासच्या वेगात होतो. आधी इंजिनाचा आवाज जड झाला, मग मागून कुणीतरी गाडी धरल्यासारखं वाटलं. क्लच दाबला म्हणून मागचं चाक जाम झालं नाही. हेड उघडलं तर पिस्टनच्या एक्झॉस्टच्या बाजूला बोटभर रुंदीचे उभे ओरखडे. ही बाजू सगळ्यात जास्त तापते, त्यामुळे पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो, तोही इथेच. दुसऱ्या ठिकाणी होनिंग करून (सिलिंडर आतून बारीक घासून) घेतलं, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट माझ्यासमोर मोजायला लावली आणि आकडा वहीत लिहून घेतला. त्यानंतर आजवर पिस्टन धरलेला नाही. टू-स्ट्रोकच्या पिस्टनमध्ये रिंगच्या खाचेत एक बारीकशी पिन असते, रिंगचं तोंड पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकात) जाऊन अडकू नये म्हणून. सिलिंडर खाली सरकवताना रिंगची दोन्ही टोकं त्या पिनवर बसलीत का, हे प्रत्येक वेळी बोटाने चाचपून बघा. तिथे जोर लावला की रिंग तुटलीच.

दुसरी गोष्ट जास्त मोठी. ऑइल सील.

फोर-स्ट्रोकवर हात बसलेल्या माणसाला सील म्हणजे ऑइल बाहेर गळू न देणारं रबर, एवढंच माहीत असतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची क्रँक फिरण्याची बंद पेटी, हा पंप असतो. पिस्टन वर जाताना खाली पोकळी होते आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं, पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबाखाली वर ढकललं जातं. क्रँकच्या दोन्ही टोकांची सील या पंपाची हवा राखतात. उजवं, म्हणजे डायनमोकडचं सील गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं आणि पिस्टन धरायची वेळ येते. डावं गेलं तर प्रायमरी चेनच्या (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या) बाजूचं गिअर ऑइल आत ओढलं जाऊन जळतं.

माझं डावं गेलं. १,२०० किलोमीटर झाल्यावर सकाळी पहिल्या किकला गल्ली भरून धूर. आधी वाटलं पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल जास्त पडलं असेल. चार दिवसांनी गिअर ऑइल तपासलं तर पातळी निम्म्यावर, आणि गाडीखाली जमिनीवर एक थेंब नाही. धूर वाढतोय, गिअर ऑइल कमी होतंय आणि गळती कुठेच दिसत नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की दुसरं कारण शोधत बसू नका. क्लच कव्हर, क्लच, प्रायमरी चेन सगळं उतरवलं. सील बाहेर काढून बोटांत वाकवलं तर ओठ प्लास्टिकसारखे कडक. पेट्रोलने ते रबर काही महिन्यांत मारून टाकलं होतं. दीडशे-दोनशे रुपयांची वस्तू, आणि तिच्यापायी आठ दिवस गाडी स्टँडवर. आता बसवलेली सील पेट्रोल आणि उष्णता दोन्ही सोसणाऱ्या रबराची आहेत. माप घेऊन बेअरिंगच्या दुकानातून आणली, येझदीचा भाग म्हणून विकत घेतली नाहीत.

एकूण खर्च गाडी धरून १ लाख ३५ हजारांपर्यंत गेला. त्यातले ४१ हजार रंग, पावडर कोटिंग आणि क्रोमला. एका पावसाळ्यात रिमच्या आऱ्यांजवळ क्रोमवर बारीक तपकिरी ठिपके आले आहेत, रोज पुसूनसुद्धा. रंग मात्र उत्तम टिकला. पुन्हा सुरुवात करायची झाली तर क्रोम शेवटी, हातात उरलेल्या पैशांत करेन आणि सुरुवातीचे पैसे क्रँकवर घालेन. नव्या कनेक्टिंग रॉडचा किट टाकल्यावर क्रँक लेथवर, डायल गेज (अगदी बारीक हालचाल दाखवणारं गेज) लावून सरळ करून घेतला. त्यामुळे आज साठच्या वेगाला हँडलवर हाताला मुंग्या येत नाहीत. गाडीत सगळ्यात समाधान देणारी गोष्ट हीच, आणि ती कुणाला दिसत नाही.

पावडर कोटिंगवरून आठवलं. वायरिंग घरी बसून केलं, मूळ रंगांच्या वायरी शोधून. तरीही हेडलाइट काजव्यासारखा, हॉर्न घसा बसलेला. दोन रविवार डायनमो आणि रेग्युलेटर तपासण्यात गेले. खरं कारण अर्थिंगचा बोल्ट. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही, आणि माझा बोल्ट त्या सुंदर काळ्या थरावर बसला होता. बोल्टखालची नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं केलं, वर ग्रीस लावलं, काम झालं. सिस्टिम ६ व्होल्टची आहे, तेवढ्याच वॉटसाठी १२ व्होल्टच्या दुप्पट करंट वाहतो, म्हणून एकेका सैल जोडाची किंमत इथे जास्त मोजावी लागते. रात्री घाटात मी ही गाडी नेत नाही.

पेट्रोलबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण जुन्या पुस्तकांत हे सापडणार नाही. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुनं रबर फुगवतं, आणि त्याच्यात मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे तेवढ्याच जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकावर) मिश्रण पातळ पडतं. टाकीतला गंज मी सायट्रिक अॅसिडने काढला, सोड्याने धुतला आणि वर बाजारातलं टँक सीलर ओतलं. पाचव्या महिन्यात पेट्रोल कॉकच्या जाळीत पापुद्रे यायला लागले. सीलर सुटत होतं. ते सगळं काढण्यात जेवढे कष्ट पडले तेवढे गंज काढायलाही पडले नव्हते. आता टाकी आतून उघडी आहे आणि मी ती नेहमी वरपर्यंत भरलेली ठेवतो. दहा दिवस गाडी फिरणार नसेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवतो. मेन जेट एक नंबर मोठा टाकला. प्लग पांढरट यायचा (पातळ मिश्रणाची खूण), तो आता तपकिरी येतो.

ऑइल मी लिटरला ४० मिली घालतो, म्हणजे १:२५. आधी ऑइल, मग पेट्रोल, म्हणजे नोझलच्या धारेने आपोआप ढवळलं जातं. सरासरी लिटरला २८ ते ३० किलोमीटर मिळते.

आणि घाट. हे पोटतिडकीने सांगतोय. या इंजिनाला वंगण पेट्रोलबरोबरच मिळतं. चढताना काळजी नाही, पसरणी तिसऱ्या गिअरवर आरामात चढते. धोका उतरताना. थ्रॉटल पूर्ण बंद, गाडी गिअरमध्ये, चाकं इंजिनाला पळवतायत आणि आत ऑइल जवळजवळ जातच नाही. आंबेनळी उतरताना दर थोड्या अंतराने क्लच धरून थ्रॉटल एकदा मोकळा दिला. ब्रेक ड्रमचे आहेत, तेही तापतात, म्हणून दोनदा थांबलो. मागे बसणाऱ्याला हा प्रकार विचित्र वाटतो. वाटू द्या.

टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडायची ते, स्वतः करायला शिका. प्लगच्या भोकात डायल गेज, डायनमोच्या मधल्या बोल्टला पाना, आणि पॉइंटच्या (उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्काच्या) चिमटीत पातळ कागदाची पट्टी. इंजिन सावकाश फिरवत कागद हलकेच ओढत राहायचं. कागद सुटला त्या क्षणी पॉइंट उघडला, गेजवरचा आकडा वाचायचा. पहिल्यांदा मला तीन तास लागले, आता वीस मिनिटं लागतात. डुप्लिकेट कंडेन्सर (पॉइंटवरच्या ठिणग्या आवरणारा भाग) मात्र ६०० किलोमीटरमध्ये गेला. गार असताना ठीक, तापला की फटफट, पॉइंटवर निळ्या ठिणग्या. एक जादा कंडेन्सर टूलबॉक्समध्ये कायम असतो.

कागदपत्रांचं काम वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. २०२१च्या व्हिंटेज नियमाला गाडी पन्नास वर्षांची लागते, माझी तेवढी नाही. म्हणून नेहमीची तपासणी, पर्यावरण कर, मागची थकबाकी आणि पाच वर्षांचं नूतनीकरण. चार फेऱ्या झाल्या.

गाडी घेताना गुरुजींनी एकच अट घातली होती, झाली की एकदा दाखवायला आणा. दिवाळीत नेली. गुरुजी ८१ वर्षांचे. म्हणाले, ‘स्टँडवर घ्या.’ कार्बोरेटरवरचं बटण पेट्रोल ओघळेपर्यंत दाबलं, खाली न बघता पायाने दांडा आत ढकलून वर घेतला, आणि दुसऱ्या किकला गाडी सुरू. मला अजूनही दांडा फिरवताना खाली बघावं लागतं. निघताना आतून त्यांनी एक शंभर पानी वही आणून दिली. पेट्रोल किती, ऑइल किती, किलोमीटर, तारीख, सगळं निळ्या शाईत, एका ओळीत एक नोंद.

घरी येऊन शेवटून वाचायला लागलो. २००८ची शेवटून दुसरी नोंद: ‘चढावर दुसरा गिअर सुटतो. उघडून घेणे.’

इंजिन जोडताना त्या गिअरचे दात गोल झालेले मी पाहिले होते. जोडी मिळेना, म्हणून चालेल असं धरून तसेच बसवले. जानेवारीपासून पसरणीच्या दुसऱ्या वळणावर दोघं बसलेले असलो की दुसरा गिअर सुटतो, दांड्यावर पाय दाबून ठेवावा लागतो. मूळ जोडी गेल्या आठवड्यात मिळाली, न वापरलेली, मेणकागदात गुंडाळलेली. होळी झाली की इंजिन पुन्हा उतरवतोय. गुरुजींच्या वहीत त्या ओळीखाली जागा आहे, तारीख तिथेच लिहीन.