कीव्हिउटचा नाचाक: दोन हिवाळ्यांच्या वापरानंतर

अलास्कातील अँकरेज शहराच्या मध्यवस्तीत, सहावा अ‍ॅव्हेन्यू आणि एच स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर एक छोटे तपकिरी घर आहे. बाहेरच्या भिंतीवर कस्तुरी वृषभांचे, म्हणजे ध्रुवीय प्रदेशातील लांब केसांच्या गुरांसारख्या प्राण्यांचे, मोठे चित्र असल्यामुळे ते चुकत नाही. हे ऊमिंगमाक या सहकारी संस्थेचे दुकान असून तिचे सुमारे 250 सभासद मुख्यतः किनाऱ्यावरच्या दूरच्या गावांतील युपिक, इनुपियाक आणि अन्य मूलनिवासी विणकर स्त्रिया आहेत. येथून घेतलेला नाचाक मी सलग दोन हिवाळे वापरला आहे, आणि पुढील मत त्या अनुभवावर आधारलेले आहे.

नाचाक म्हणजे दोन्ही टोकांना उघडी, नळीसारखी विणलेली एक वस्तू; ती गळ्याभोवती गोळा करून ठेवता येते किंवा डोक्यावरून ओढून घेतली की कान झाकणारे टोपडे होते. ती कीव्हिउटची, म्हणजे कस्तुरी वृषभाच्या राठ केसांखाली वाढणाऱ्या अतिमऊ लोकरीची असते. ही लोकर वसंत ऋतूत आपोआप सुटू लागते आणि तेव्हा ती विंचरून काढतात. मोठ्या जनावरापासून वर्षाला जेमतेम दोन-तीन किलो मिळते. मेंढीच्या लोकरीपेक्षा ती आठपट उबदार असते, असे विक्रेते सांगतात. हा आकडा मोजायला माझ्याकडे साधन नाही. मात्र शून्याखाली वीस अंशांच्या वाऱ्यात तासभर चालूनही गळ्याला काही बोचले नाही, आणि मुठीत धरल्यावर हातात काही आहे असे वाटत नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

मी निवडलेली वीण मेकोर्युक गावची आहे. हे गाव बेरिंग समुद्रातील नुनिव्हाक बेटावर असून तेथील नक्षी सुमारे 1200 वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती हार्पूनच्या (शिकारीच्या भाल्याच्या) टोकावरून घेतलेली आहे. नाचाक खिडकीसमोर उलगडून धरला की जाळीच्या भोकांतून त्या रेघा उजेडात स्पष्ट उमटतात. अंगावर असताना मात्र धाग्यांची लव फुलून येते आणि नक्षी जवळजवळ दिसेनाशी होते. अशा नक्ष्या गावागणिक वेगळ्या आहेत. शिश्मारेफ गावची चांदणीची वीणही मी बराच वेळ हाताळून पाहिली होती.

या विणकामामागचा इतिहास ठाऊक असेल तर किमतीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. एकोणिसाव्या शतकात अलास्कातून कस्तुरी वृषभ नामशेष झाले होते. 1930 मध्ये ग्रीनलंडमधून 34 जनावरे आणली गेली आणि पुढे त्यांचा कळप नुनिव्हाकवर सोडण्यात आला. मानववंशशास्त्रज्ञ जॉन टील यांनी 1964 मध्ये त्या कळपातील काही जनावरे पकडून पाळण्याचा प्रयोग सुरू केला आणि 1969 मध्ये ही सहकारी संस्था उभी राहिली. मूलनिवासींचे जमिनीचे हक्क मिटवून त्यांना भागधारक करणाऱ्या प्रादेशिक कंपन्या स्थापन करणारा 1971 चा कायदा त्यानंतरचा आहे. त्या कंपन्यांची उलाढाल या दुकानाच्या कितीतरी पट आहे, हे खरे. पण कंपनीचा भागधारक असणे वेगळे आणि आपल्या हातच्या कामाचे पैसे घरबसल्या मिळणे वेगळे. येथे सूत टपालाने गावी जाते, तयार वस्तू टपालानेच परत येते, विणकरीला तिच्या कामाचा मोबदला मिळतो आणि वर्षअखेरचा नफा सभासदांत वाटला जातो. सॅमन माशांचा किंवा बेरीचा हंगाम आला की सुया बाजूला ठेवता येतात. मला या व्यवस्थेतली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण रोख पैसा मिळवण्यासाठी तेथे कुणाला मासेमारी सोडावी लागत नाही.

त्याच सहलीत दुसऱ्या एका भेटवस्तूंच्या दुकानातून 'अलास्कन' म्हणून घेतलेले शोभेचे अस्वल खोलीवर येऊन उलटे केले, तेव्हा तळाशी भलत्याच देशाचे नाव निघाले. मूलनिवासी कारागिरांच्या अस्सल कामावर लावले जाणारे 'सिल्व्हर हँड' हे राज्याचे चिन्ह आधी शोधायला हवे होते. चूक माझीही होती.

नाचाकच्या उणिवाही आहेत. किंमत साध्या लोकरी वस्तूंच्या अनेकपट आहे. नैसर्गिक रंग करडा-तपकिरी असल्याने भडक रंगांची आवड असणाऱ्यांची निराशा होईल. जाळी नाजूक आहे. माझ्या जॅकेटच्या चेनमध्ये एक टाका अडकला, तो सुईने मागे ओढून घ्यावा लागला. धुणे मात्र सोपे आहे: ही लोकर आटत नाही, त्यामुळे सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून, न पिळता, टॉवेलवर पसरून ठेवली की काम होते. बर्फात राबताना, लाकडे उचलताना वापरायला काही हवे असेल तर जाड लोकरीचा मफलर घ्यावा. रोजच्या चालण्यासाठी आणि प्रवासासाठी मी हाच पुन्हा घेईन, आणि पुढच्या वेळी चांदणीच्या विणीचा.