‘हे आधीपासूनच होतं, सर’

नवले पुलाच्या उतारावर पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला आणि माझी गाडी त्याच्या फाळक्यावर आदळली. बंपर, बॉनेट, डावा हेडलाइट, रेडिएटर गेले. माणसं शाबूत. विमा कॅशलेस, म्हणून कंपनीच्याच यादीतल्या सिंहगड रोडवरच्या एका गॅरेजात गाडी लावली. प्लॅस्टिक-रबराच्या पार्टांचे निम्मे पैसे माझ्या खिशातून गेले; ते पॉलिसीतच होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

बावीस दिवसांनी फोन आला, ‘सर, गाडी रेडी. धुऊन ठेवलीय.’ संध्याकाळचे साडेसात, बाहेर पाऊस. ‘इथे सही, इथे सही.’ त्यातला एक कागद ‘काम समाधानकारक’ असा होता. गाडीला चावी लावायच्या आधीच मी समाधान पावलो होतो!

दुसऱ्याच दिवशी गाडी डावीकडे ओढतेय असं लक्षात आलं. पाचव्या दिवशी साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर टेंपरेचरचा काटा लाल रेषेला टेकला. गॅरेजवाला म्हणाला, ‘सर, एकसष्ट हजार किलोमीटर झालेत. हे आधीपासूनच होतं. आणि ओढतेय ती खड्ड्यांमुळे.’ विमा कंपनी म्हणाली, ‘तुमची समाधानाची सही आहे, क्लेम बंद झाला.’

शेवटी नाना पेठेतल्या ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने रेडिएटर बाहेर काढला. जुनाच! प्लॅस्टिकच्या टाकीचा तडा एमसीलने बुजवून वर काळा स्प्रे मारलेला. बिलात मात्र ‘रेडिएटर, नवीन’. डावा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणारा दांडा, तोही वाकलेला निघाला. त्याचं नाव सर्व्हेअरच्या, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्या माणसाच्या, यादीत नव्हतंच. गाडी खोलल्यावर आतलं नुकसान दिसलं, की दुरुस्तीआधी सर्व्हेअरला पुन्हा बोलावून ते यादीत वाढवून घ्यायचं असतं. ते कोणी केलं नाही, आणि गाडी खुली असताना मीही एकदा जाऊन डोकावलो नाही.

मेकॅनिकने नंबर प्लेटपासून रेडिएटरपर्यंत सलग व्हिडिओ काढला. तो, बिल आणि पत्र गॅरेजला आणि विमा कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेलने पाठवलं. महिन्यात दाद लागली नाही तर नारायण पेठेतल्या विमा लोकपालांकडे जाईन, आणि गॅरेजविरुद्ध ग्राहक आयोगात, असंही लिहिलं. फोनवर तीन आठवडे ‘बघतो सर’ चाललं होतं; ईमेलनंतर नऊ दिवसांत नवा रेडिएटर बसला. त्यांच्याच बिलाने त्यांना पकडलं होतं.

लोअर आर्मचं मात्र जमलं नाही. तो टेम्पोच्या धडकेत वाकला की वडगावच्या खड्ड्यात, हे सिद्ध करायला माझ्याकडे अपघाताच्या दिवशीचा चाकाचा एक फोटोही नाही. होते ते फक्त बंपरचे. आर्म आणि अलाइनमेंटचे सात हजार दोनशे मीच भरले.

सहीच्या कागदावर ‘गाडी चालवून पाहिलेली नाही’ एवढं लिहायला कोणी अडवलं नसतं, पण ते सुचलं घरी आल्यावर.

तो वाकडा आर्म सध्या बाल्कनीत चपलांच्या स्टँडशेजारी पडलाय. बायको रोज विचारते, भंगारवाल्याला देऊ का? आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, तोवर राहू दे म्हटलंय.