महासागरी उड्डाणाचा दोन दिवसांचा वर्ग : दुसऱ्या दिवसासाठी जावे

उत्तर अटलांटिक ओलांडणाऱ्या वैमानिकांसाठी मुंबईतील एक खासगी प्रशिक्षण संस्था दोन दिवसांचा वर्ग घेते. तो मी नुकताच पूर्ण केला. लांब पल्ल्याच्या विमानांवर नव्याने आलेले सहवैमानिक त्याविषयी वारंवार विचारतात, म्हणून हे सविस्तर परीक्षण.

पहिला दिवस उपकरणांचा होता. किनारा मागे पडला की जमिनीवरील व्हीओआर (दिशा सांगणारे रेडिओ केंद्र), डीएमई (अंतर सांगणारे केंद्र) आणि रडार यांचा आधार संपतो. म्हणून उत्तर अटलांटिकवरील फ्लाइट लेव्हल २८५ ते ४२० (साधारण २८,५०० ते ४२,००० फूट) या पट्ट्यात शिरताना दूर पल्ल्याच्या दिशादर्शनाच्या दोन स्वतंत्र यंत्रणा पूर्णपणे चालू असाव्या लागतात. दोन यंत्रणांनी वेगवेगळी जागा दाखवली तर खरी कोणती हे ठरवायला तिसरी लागते आणि मोठ्या विमानांत तीन इनर्शियल संच (विमानाची हालचाल मोजून जागा काढणारी यंत्रे) का बसवतात याचे उत्तर त्यातच आहे, हा भाग शिक्षकांनी उत्तम उलगडला. इनर्शियल संच बाहेरचे काहीच पाहत नाही. विमान उभे असताना घेतलेल्या स्थानावरून तो पुढचा सगळा हिशेब करतो आणि त्याची चूक तासागणिक वाढत जाते. आरएनपी १० मध्ये (जागेतली चूक १० समुद्री मैलांच्या आत ठेवण्याच्या निकषात) केवळ इनर्शियलवर उडण्यासाठी ६.२ तासांची मर्यादा त्यामुळेच येते.

नोट्स मात्र जुन्या आहेत. १९९७ मध्ये बंद झालेल्या ओमेगा या रेडिओ दिशादर्शन यंत्रणेला त्यांत अख्खे पान आहे, जीपीएस स्पूफिंगला, म्हणजे खोट्या संकेतांनी जीपीएसला फसवण्याला, जेमतेम चार ओळी. २०२३ पासून पश्चिम आशियावरून जाताना खोटे संकेत मिळण्याचे प्रकार वाढले आहेत आणि काही विमानांचे जीपीएस त्यानंतर उड्डाण संपेपर्यंत सावरत नाही. भारतातून त्या वाटेने अमेरिकेला निघालेले विमान अशा अवस्थेत अटलांटिकपाशी पोहोचले, तर आरएनपी ४ साठी (४ मैलांच्या अधिक कडक निकषासाठी) ते पात्र राहते का आणि युरोपवर डीएमईकडून मिळालेल्या दुरुस्तीनंतर ६.२ तास कुठून मोजायचे, हा प्रश्न मी दोनदा विचारला. दोन्ही वेळा उत्तर आले, ‘कंपनीचे मॅन्युअल पाहा.’ एवढी फी भरल्यावर हे उत्तर चालणार नाही.

दुसऱ्या दिवसाने ही कसर बरीच भरून काढली. त्या दिवशी विषय होता विमानाच्या संगणकात मार्गाचे बिंदू भरण्याचा. त्यात ‘५२५०एन’ म्हणजे ५२ अंश उत्तर, ५० अंश पश्चिम. तेच अक्षर पुढे आणून ‘एन५२५०’ लिहिले की बिंदू ५२ अंश ३० मिनिटांवर जातो, म्हणजे ३० समुद्री मैल उत्तरेला. काही विमानांच्या पडद्यावर या दोन्ही बिंदूंचे संक्षिप्त नाव सारखेच दिसते. शिक्षकांनी मुद्दाम चुकीचा बिंदू भरून ठेवला होता आणि आमच्या सहा जणांच्या गटातल्या चौघांना तो दिसला नाही. मीही त्या चौघांत होतो! त्यानंतर प्रत्येक बिंदू उघडून पूर्ण अक्षांश-रेखांश मोठ्याने वाचायचे आणि बिंदू ओलांडल्यावर दहा मिनिटांनी विमानाची जागा कागदी नकाशावर पेन्सिलीने टिपायची, हा सराव दुपारभर चालला. जुलै १९८७ मध्ये डेल्टा कंपनीचे ट्रायस्टार विमान सुमारे ६० मैल भरकटून कॉन्टिनेन्टल कंपनीच्या जम्बोच्या अगदी जवळून गेले, तेव्हाही रोख यंत्राच्या बिघाडाकडे नव्हे, तर त्यात भरलेल्या आकड्यांकडे होता. हे उदाहरण त्यांनी सरावानंतर सांगितले, म्हणून ते चांगलेच झोंबले.

अरबी समुद्राला एकच स्लाइड मिळाली. मुंबईहून आफ्रिकेकडे जाणाऱ्यांना एचएफवर (दूर पल्ल्याच्या रेडिओवर) मुंबईच्या नियंत्रण केंद्राशीच बोलावे लागते, हे पाहता ती फारच तोकडी वाटली.

एकूण वर्ग करावा, पण स्पूफिंगचे ताजे साहित्य आधी स्वतः वाचून जावे. नकाशाची छायाप्रत इतकी फिकट मिळते की अर्ध्या अंशाच्या रेषा दिसतच नाहीत. तेव्हा शक्य असल्यास मूळ नकाशा आणि टोकदार पेन्सिल घरूनच न्यावी.